संपूर्ण बायबल वाचून झाले. पुढचा अभ्यास कसा निवडावा?

प्रोटेस्टंट परंपरेच्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत: जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. कॅथलिक बायबलमध्ये ती ७३ आहेत. ६६ पुस्तकांचे एकूण १,१८९ अध्याय होतात. रोज तीन-चार अध्याय वाचले, तर साधारण वर्षभरात संपूर्ण ग्रंथ वाचून होतो. त्यानंतर अनेक वाचक पुन्हा ‘उत्पत्ती’पासून सुरुवात करतात किंवा पुस्तक मिटून ठेवतात. याहून वेगळी वाट कशी निवडता येते, हे अहमदनगरशी (आताचे अहिल्यानगर) जोडलेल्या काही नावांवरून चांगले समजते.

पूर्ण वाचनाने काय साधते?

सलग वाचनाने ग्रंथाचा नकाशा कळतो. बायबल म्हणजे एकच पुस्तक नसून कायदा, इतिहास, काव्य, भविष्यवाणी, चरित्र आणि पत्रे यांचा संग्रह आहे, हे ध्यानात येते. एखादे वचन सुटे काढून त्याचा हवा तसा अर्थ लावण्याची सवयही कमी होते. पण वेगाने वाचताना पुष्कळ काही निसटते. ‘लेवीय’मधील यज्ञांचे नियम, राजांच्या वंशावळी किंवा पौलाच्या पत्रांतील युक्तिवाद एका वाचनात उमगत नाहीत. जिथे वाचन अडखळले किंवा मन थबकले, ती जागा पुढच्या अभ्यासाची पहिली खूण असते.

नगरचे दाखले

अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये १८३१ मध्ये सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये याच शहरातून निघाले. नारायण वामन टिळक यांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना एका सहप्रवाशाने नवा करार दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने (अध्याय ५ ते ७) त्यांच्या मनाची पकड घेतली. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घरालाही मोजावी लागली: पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. नगरमध्ये टिळकांनी धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवले आणि पुढे ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादनही केले.

नंतरच्या काळात टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले. हेच ‘ख्रिस्तायन’. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा काम अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी नेले. चरित्र ओवीत आणायचे, तर चारही शुभवर्तमाने समोर ठेवून कोणता प्रसंग कुठे बसतो हे ठरवावे लागते. म्हणजे त्यांचा अभ्यास एका व्यक्तिरेखेभोवती गुंफलेला होता.

पंडिता रमाबाईंची वाट निराळी होती. पुणे जिल्ह्यातील केडगावी (नगरलगतचे केडगाव वेगळे) मुक्ती मिशनमध्ये राहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. सामान्य वाचकाला, विशेषतः कमी शिकलेल्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल आणले. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी हे काम पुरे केले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. त्यांचा प्रश्न शब्दांचा होता: मूळ शब्द काय आणि तो साध्या मराठीत कसा सांगायचा?

चार वाटा

१. एकच पुस्तक. लहान पुस्तकापासून सुरुवात करावी. १६ अध्यायांचे मार्क किंवा ४ अध्यायांचे रूथ महिनाभर पुन्हा पुन्हा वाचता येते.

२. जोडीने वाचन. आमोस आणि होशेय यांच्याबरोबर ‘२ राजे’ वाचले, तर संदेष्टे कोणत्या काळात बोलत होते ते कळते. ‘प्रेषितांची कृत्ये’ १६ वाचून मग फिलिप्पैकरांस पत्र वाचावे. ‘लेवीय’ कठीण गेले असेल, तर इब्री लोकांस पत्र सोबत घ्यावे.

३. एकच विषय. न्याय, परका माणूस, दुःख, क्षमा असा विषय घेऊन तो कायद्यात, स्तोत्रांत, संदेष्ट्यांच्या पुस्तकांत आणि शुभवर्तमानांत कसा येतो ते पाहावे. दुःखाच्या प्रश्नासाठी ईयोबाचे पुस्तक आणि स्तोत्रसंहिता हा चांगला आरंभ आहे.

४. भाषा. मूळ भाषा येत नसल्या तरी एकच उतारा दोन मराठी भाषांतरांत ताडून पाहता येतो. शब्द जिथे बदलतो, तिथे भाषांतरकाराला निवड करावी लागलेली असते.

निवड कशी करावी?

वाचताना पडलेले प्रश्न वहीत लिहावेत आणि त्यांतला एकच निवडावा. तो एका वाक्यात मांडता आला पाहिजे. ‘जुना करार समजून घेणे’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘आमोस श्रीमंतांवर का संतापतो?’ हा ९ अध्यायांत हाताळता येतो. आधी मूळ उतारा, मग समासातील संदर्भवचने आणि शेवटी टीकाग्रंथ हा क्रम बरा. टीकाग्रंथ आधी उघडला, तर वाचकाचा स्वतःचा प्रश्न मागे पडतो.

अभ्यासाला मुदतही ठरवावी, उदाहरणार्थ तीन महिने. मुदत संपल्यावर मूळ प्रश्न पुन्हा वाचावा. उत्तर मिळाले असेल किंवा प्रश्न अधिक नेमका झाला असेल, तर निवड योग्य होती. पुढचा प्रश्न बहुधा त्याच वहीत सापडतो.