डी६४ : एका फ्लॉपीचे दुसरे आयुष्य

कमोडोर ६४ या संगणकाची फ्लॉपी सव्वापाच इंची, जुन्या पीसीचीही सव्वापाच इंची. तरी एकाची दुसऱ्याला वाचता येत नाही. कमोडोरचा १५४१ ड्राइव्ह जीसीआर पद्धतीने लिहितो, पीसीच्या फ्लॉपी कंट्रोलरला एमएफएम तेवढे कळते. १९९०च्या दशकात पीसीवर कमोडोरचे एम्युलेटर चालू लागले, तेव्हा ही अडचण बोचू लागली. यंत्राची नक्कल तयार होती, पण लोकांचे खेळ, पत्रे, स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम फ्लॉपीतच अडकून पडले होते.

वाट काढली ती हौशी प्रोग्रॅमरांनी. १५४१च्या पोटात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि २ केबी रॅम असते. तेव्हा पीसीने फ्लॉपीच्या नादी न लागता त्या ड्राइव्हशीच बोलावे! पीसीच्या प्रिंटर पोर्टापासून ड्राइव्हपर्यंत एक्स१५४१ ही केबल घरीच सोल्डर करायची. हंगेरीत लिहिला गेलेला ‘स्टार कमांडर’ हा प्रोग्रॅम याच केबलवर नावारूपाला आला. नॉर्टन कमांडरसारखा दुभागलेला पडदा, एकीकडे पीसीच्या फाइली, दुसरीकडे खरी फ्लॉपी किंवा तिची इमेज, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलीत साठवलेली प्रत. यातली मला सर्वांत आवडणारी युक्ती अशी, की वेग वाढवण्यासाठी तो आपला छोटा प्रोग्रॅम ड्राइव्हच्या रॅममध्ये धाडून तिथेच चालवी. तारांवरची वेळ इतकी काटेकोर सांभाळावी लागे, की विंडोज मध्ये आले की घोटाळा होई; त्याला डॉसच मानवे.

अशा इमेजचा एक प्रकार म्हणजे डी६४. त्याची रचना अगदी साधी. बाहेरच्या ट्रॅकवर २१ सेक्टर, आत जाता जाता १९, १८, १७; असे ३५ ट्रॅकांचे ६८३ सेक्टर, प्रत्येकी २५६ बाइटांचे, ओळीने मांडलेले. एकूण १,७४,८४८ बाइट. फायलींची यादी १८व्या ट्रॅकवर, म्हणजे मूळ फ्लॉपीत होती तिथेच. या साधेपणामुळेच डी६४ हाताळणारी साधने कुणालाही घरी लिहिता आली, असे मला ठामपणे वाटते.

या साधेपणाची किंमतही मोजावी लागली. सेक्टरांचे हेडर आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा डी६४मध्ये येत नाहीत. कॉपी रोखण्यासाठी मुद्दाम चुका पेरलेले खेळ त्यामुळे बंद पडत. मग प्रत्येक सेक्टरमागे चूक नोंदवणारा एक बाइट जोडलेली १,७५,५३१ बाइटांची आवृत्ती आली, आणि पुढे जीसीआर जसेच्या तसे साठवणारे जी६४. आता ग्रीझवीझलसारखी यूएसबी साधने फ्लॉपीवरचे चुंबकीय बदलच टिपतात. पण साध्या पत्रांच्या फ्लॉपीला आजही डी६४ पुरते, आणि तिच्यातली फाइल बाहेर काढायला ‘व्हाइस’ एम्युलेटरसोबत येणारा सी१५४१ प्रोग्रॅम पुरेसा आहे.