खेळाडूचा क्रमांक आणि खेळाचा नियम

बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ पासून अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. त्यांचे संघ कबड्डीच्या क्रीडांगणावर उतरतात, तेव्हा प्रत्येक खेळाडूच्या अंगावर त्याचा क्रमांक असतो. गावच्या पटांगणात रंगणाऱ्या हुतूतूला मात्र असा क्रमांक कधी लागला नाही. तो केवळ शिस्तीसाठी वा शोभेसाठी आला असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याची खरी गरज नियमांच्या स्वरूपातूनच निर्माण होते, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

हुतूतू गावात खेळला जात असे, तेव्हा खेळणारे, पाहणारे आणि निवाडा देणारे हे सारे एकमेकांच्या परिचयाचे असत. बाद कोण झाला, हे सांगण्यास नाव पुरेसे होते. १९१८ मध्ये साताऱ्यास या खेळाच्या नियमांना निश्चित रूप देण्याचा प्रयत्न झाला. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने त्यापुढील पाऊल टाकले. विदर्भापुरते बोलावयाचे, तर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे कबड्डीची प्रात्यक्षिके केली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. अशा रीतीने खेळ परिचितांच्या वर्तुळातून अपरिचितांच्या सभेत आला. पंचाला आता खेळाडूचे नाव ठाऊक असण्याचे कारण उरले नाही.

तथापि केवळ अपरिचय हे या बदलाचे संपूर्ण कारण नव्हे. या खेळाचे अमर, गमिनी आणि संजीवनी असे तीन प्रकार रूढ होते. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी क्रीडांगण सोडीत नसे. त्यामुळे मोजावयाचे ते फक्त गुण. गमिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. म्हणून किती जण उरले एवढे ध्यानात ठेवले की भागे. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद होताच आपला एक गडी पुन्हा जिवंत होतो, आणि तो बाद झाल्याच्या क्रमानेच आत येतो. येथे संख्या पुरेशी नाही, अनुक्रम लागतो. कोण आधी बाद झाला आणि कोण नंतर, याची नोंद गुणलेखकाने क्षणोक्षणी ठेवावी लागते. आजच्या कबड्डीने संजीवनीचेच तत्त्व स्वीकारले आहे. त्यामुळे एकाच संघात दोघांना एकच क्रमांक दिला, तर पुनरागमनाचा क्रमच संदिग्ध होईल, आणि एखादा चपळ चढाईपटू आपली पाळी येण्यापूर्वीच आत येऊ शकेल. खोखोतही हेच आढळते. पळतीचे गडी तिघातिघांच्या तुकडीने, आधी नोंदविलेल्या क्रमाने उतरतात. त्या क्रमाला आधार क्रमांकाचाच.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलने याच प्रश्नाला निराळे उत्तर दिले. लंबगोल चेंडूच्या त्या खेळात १९३७ साली छातीवर व पाठीवर क्रमांक आवश्यक झाला. १९६४-६५ मध्ये खेळाडू बदलण्याची मोकळीक पुन्हा मिळाल्यावर चढाईचे व बचावाचे चमू वेगळे झाले. एकेका संघात शंभराहून अधिक खेळाडू येऊ लागले, पण क्रमांक दोन अंकांपलीकडे जात नाहीत. परिणामी एक क्रमांक अनेकांना देणे भाग पडले. अट एवढीच की ते एकाच वेळी मैदानात नसावेत. २०२० साली ही मुभा एका क्रमांकास दोघांपर्यंत मर्यादित झाली, आणि शून्य हाही क्रमांक ग्राह्य ठरला. तेथे या क्षणी मैदानावर कोण आहे, एवढाच प्रश्न असल्याने असे चालते. कबड्डीत मैदानाबाहेर बसलेल्याचीही ओळख तितकीच महत्त्वाची असते. बाद गडी बाहेर असला तरी खेळातच असतो. म्हणून तेथे क्रमांकाची भागीदारी संभवत नाही.

यावरून आणखी एक गोष्ट अभ्यासकांनी ध्यानी घ्यावी. सामना संपल्यावर गुणलेखात मुख्यतः क्रमांकांचाच व्यवहार उरतो. त्या क्रमांकांशी जोडलेली खेळाडूंची यादी हरवली, की तो लेख मुका होतो. कोणत्या पकडीने सामना फिरला हे कळते. ती पकड मेहकरच्या मुलाची की मलकापूरच्या, हे कळत नाही. आपल्या ग्रामीण महाविद्यालयांतील कित्येक उत्तम खेळाडूंचे कर्तृत्व अशा कागदांवरच अवलंबून आहे. म्हणून महाविद्यालयांनी गुणलेख आणि संघाची नावनिशी एकत्र जतन करावी. क्रमांकाने पंचाची अडचण दूर केली. इतिहासकाराची अडचण दूर करण्यासाठी त्या क्रमांकापाशी नाव राहिले पाहिजे.