कोळशाला फुटलेला डोळा

सेंद्रिय म्हटलं की आपल्याला शेणखत आठवतं. रसायनशास्त्रात मात्र कार्बनची बहुतेक संयुगे सेंद्रियच, मग ती डांबरातली का असेनात!

चंद्रपूरच्या भूमीत दगडी कोळसा आहे. १८७०च्या दशकात वरोऱ्याची सरकारी खाण चालू झाली, वर्ध्याहून रेल्वे आली. तो कोळसा आपण जाळला. पण दगडी कोळसा बंद भट्टीत तापवला की डांबर निघते, आणि डांबरातून अँथ्रासीन. १९०६ साली इटलीत पोकेत्तिनो यांना आढळले, की अँथ्रासीनवर प्रकाश पडला म्हणजे त्यातून वीज अधिक वाहते. कोळशाला डोळा फुटला म्हणा ना! पण अधू, त्याला जांभळा आणि जांभळ्यापलीकडचा प्रकाश तेवढा कळे.

तांबड्याकडे पोचायची एक वाट लांब साखळीच्या रेणूंची. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनी वीजवाहक पॉलिमर दाखवले. २००९ मध्ये हीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पॉलिमर-डोळा ३०० ते १४५० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी टिपू लागला. आपला डोळा साधारण ४०० ते ७००.

निरोगी पान तांबड्यापलीकडचा प्रकाश भरपूर परतवते. आपल्याला तो दिसत नाही, याला दिसतो. मात्र दमट हवेत हा पदार्थ बिघडतो. गडचिरोलीच्या रानात पावसाळा काढायचा, तर त्याला काचेत पक्कं बंद करूनच न्यावं लागेल.