दुष्काळ आणि जोंधळा

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत सरकारी कोठारें उघडून भुकेलेल्यांस धान्य वांटलें, ही कथा महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. आपण दामाजीपंतांचें औदार्य आठवतों; परंतु ज्या मुलखांत पाऊस वरचेवर दगा देतो, तेथें कोठार भरण्याइतकें धान्य मुळांत पिकतें तरी कसें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. सोलापूर जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर त्याचें उत्तर बव्हंशीं रब्बीच्या जोंधळ्यांत सांपडतें. या जोंधळ्याची व त्याचा अभ्यास करणाऱ्यांची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

सोलापुरास वर्षाकाठीं सरासरीनें सुमारें ७०० मिलिमीटर, म्हणजे २८ इंचांच्या आसपास पाऊस पडतो. आंकडा दिसावयास वाईट नाहीं. पण हा पाऊस लहरी आहे आणि त्याचा मोठा वांटा सप्टेंबरांत येतो. म्हणून येथील शेतकरी पावसाचें पाणी खोल काळ्या रानांत मुरूं देतो आणि पावसाळा सरतां सरतां जोंधळा पेरतो. पुढें कापणीपर्यंत सुमारें चार महिने रोपास आकाशांतून फारसें कांहीं मिळत नाहीं. जमिनीच्या पोटांत जी ओल सांठली असेल, तेवढ्यावरच त्याला संसार करावा लागतो.

हा संसार तें कसा करतें? मुळांभोंवतालची माती सुकूं लागली कीं रोपांत ॲब्सिसिक आम्ल नांवाचें द्रव्य वाढतें. शास्त्रज्ञांस त्याची ओळख पटली ती १९६० नंतरच्या दशकांत. या द्रव्याच्या इशाऱ्यानें पानांवरील सूक्ष्म छिद्रें मिटतात व पाण्याची वाफ होऊन जाणें कमी होतें. परंतु हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड आंत येण्याची वाटहि तीच असल्यामुळें अन्न तयार होण्याचें काम मंदावतें. तहान आवरावयाची तर अर्धपोटीं राहावयाचें, असा हा व्यवहार आहे.

जोंधळा हा व्यवहार पुष्कळ पिकांपेक्षां शहाणपणानें करतो. त्याची अन्न बनविण्याची रीतच अशी आहे कीं, छिद्रें अर्धवट मिटलेलीं असतांहि काम बऱ्यापैकीं चालूं राहतें. त्याच्या ताटावरून बोट फिरविलें तर पांढरट भुकटी लागते. ती मेणाची असून तिच्या योगानें आंतील ओल राखली जाते. भर दुपारीं पानें सुरळीसारखीं गुंडाळलीं जातात, म्हणजे उन्हास तोंड देणारें अंग कमी होतें. मुळें पांच-सहा फूट खोल ओलीच्या शोधांत उतरतात. दाणा भरण्याच्या वेळीं पाणी सरलें, तर ताटांत सांठविलेलें अन्न कणसाकडे धाडलें जातें. स्वतः वाळून दाणा भरावा, असा त्याचा धर्मच आहे.

इतके गुण अंगीं असूनहि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत हा मुलूख वांचला नाहीं. मुंबई इलाख्यांतील जे जिल्हे त्या वेळीं अतिशय होरपळले, त्यांत सोलापूर होतें. जोंधळ्यानें आपला स्वभाव सोडला होता असें नव्हे. रानांत ओलच नव्हती. काटकसर करणाऱ्यापाशींहि खर्चावयास कांहीं तरी शिल्लक असावी लागते. चिवट बियाणें हातीं आहे म्हणून निर्धास्त राहणें किती घातक आहे, हा धडा त्या दुष्काळानें फार महाग किंमत घेऊन शिकविला.

त्या धड्याचा शास्त्रीय पाठपुरावा होण्यास पुढें बराच काळ जावा लागला. जिराईत शेतीचें पद्धतशीर संशोधन पुण्याजवळील मांजरी येथें १९२३ मध्यें सुरू झालें, आणि १९३३ मध्यें सोलापुरास कोरडवाहू शेतीचें स्वतंत्र संशोधन केंद्र निघालें. या कामांतील एक अग्रणी एन्. व्ही. कानिटकर यांचा भारतांतील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ मध्यें प्रसिद्ध झाला. या संशोधनांतून जी पद्धत सिद्ध झाली, ती ऐकावयास साधी आहे. रानांत बांध घालून पाणी अडवावें; तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट करावी; शेणखत घालावें; बीं थोडें वापरून पाभरीच्या ओळींत सुमारें दीड फूट अंतर ठेवावें, म्हणजे थोड्या ओलीस वांटेकरी थोडे होतात; आणि वारंवार कोळपणी करून भुसभुशीत मातीचा थर राखावा, म्हणजे काळ्या रानास पडणाऱ्या भेगा बुजतात व ओल उडून जात नाहीं. रोप आपल्या पानांशीं जें करतें, तेंच माणसानें आपल्या जमिनीशीं करावें, एवढाच याचा अर्थ.

त्याच सुमारास, १९३० नंतरच्या दशकांत, जिल्ह्यांतीलच मोहोळ येथें स्थानिक मालदांडी जोंधळ्यांतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण तयार झाला. पुढें अनेक नवे वाण आले. तरीहि हा जुना वाण शेतकऱ्यांनीं टाकलेला नाहीं. दाण्याची भाकरी माणसांस व कडबा गुरांस, अशी त्याची दुहेरी मदत आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ मध्यें भौगोलिक मानांकनहि मिळालें.

१९८० मध्यें भीमेवरील उजनी धरण पुरें झालें व कालव्यांखालीं ऊस पसरला. कालव्याचें पाणी लाभलेल्या शेतकऱ्यानें ऊस लावला, यांत त्याला दोष देतां येणार नाहीं. परंतु ऊस बारा महिने पाणी मागतो, आणि धरणहि शेवटीं पावसानेंच भरतें. ज्या वर्षीं तें भरत नाहीं, त्या वर्षीं ओल जपण्याच्या विद्येची आठवण होते. पण विद्या आयत्या वेळीं कोठारांतून काढून वांटतां येत नाहीं. ती दर वर्षीं रानांत पेरावी लागते. शहरांतील आपण मंडळी एवढें तरी करूं शकतों कीं, ताटांतील भाकरीस गरिबाचें अन्न न समजतां, चार महिने तहान आवरून तयार झालेल्या दाण्याची योग्य किंमत मोजावी.