क्रीडा तंदुरुस्ती प्रशिक्षक : कामाचे स्वरूप, प्रशिक्षण आणि शासकीय योजना

प्रस्तावना

खेळाडूला खेळाचे तंत्र शिकवणारा प्रशिक्षक आणि त्याचे शरीर त्या खेळासाठी तयार करणारा प्रशिक्षक या दोन वेगळ्या भूमिका आहेत. दुसऱ्या भूमिकेतील व्यक्तीला फिटनेस ट्रेनर, ट्रेनर किंवा स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच म्हटले जाते. या लेखात तिच्यासाठी ‘क्रीडा तंदुरुस्ती प्रशिक्षक’ हा शब्द वापरला आहे. मोठ्या संघांत दोन्ही कामांसाठी वेगळी माणसे असतात. तालुक्याच्या मैदानावर, तालमीत किंवा शाळेत मात्र बहुतेक वेळा एकच व्यक्ती दोन्ही कामे करते.

या क्षेत्रात येऊ इच्छिणारे माजी खेळाडू, शारीरिक शिक्षण शिक्षक आणि व्यायामशाळेत काम करणारे तरुण यांच्यासाठी ही माहिती आहे. आपल्या मुलाला कोणाच्या हाती सोपवावे, हे ठरवणाऱ्या पालकांनाही ती उपयोगी पडेल.

कामाचे स्वरूप

क्रीडा तंदुरुस्ती प्रशिक्षक पुढील कामे करतो.

• खेळाडूची प्राथमिक तपासणी : वय, पूर्वीच्या दुखापती, चालू औषधे यांची नोंद घेणे. व्यायाम करताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा कुटुंबात कमी वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांच्या तपासणीशिवाय सराव सुरू करू नये.
• क्षमता चाचणी : वेग, ताकद, दम, लवचिकता आणि तोल मोजून नोंदवहीत लिहिणे व ठरावीक काळाने पुन्हा मोजणे.
• सरावाचे नियोजन : स्पर्धेची तारीख डोळ्यांसमोर ठेवून सरावाचा भार टप्प्याटप्प्याने वाढवणे, विश्रांतीचे दिवस ठरवणे, स्पर्धेआधी भार कमी करणे.
• दुखापतींना प्रतिबंध : वॉर्म-अप, योग्य पद्धतीने उडी मारणे व जमिनीवर उतरणे, तसेच बळकटीचे व्यायाम शिकवणे.
• प्रथमोपचार आणि दुखापतीनंतर खेळाडूला मैदानावर परत आणण्याच्या कामात डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांना साहाय्य करणे.
• झोप, पाणी आणि रोजच्या आहाराबाबत सर्वसाधारण सल्ला देणे.

कामाची मर्यादा

दुखापतीचे निदान करणे, औषध किंवा इंजेक्शन देणे आणि आजारी व्यक्तीसाठी आहारतक्ता तयार करणे ही कामे तंदुरुस्ती प्रशिक्षकाच्या कक्षेत येत नाहीत. निदान व औषधोपचार हे डॉक्टरांचे काम आहे. फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ हे व्यवसाय ‘राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१’ या कायद्याच्या कक्षेत आहेत. केवळ फिटनेस ट्रेनरच्या प्रमाणपत्राच्या आधारे स्वतःस फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेऊ नये.

गुडघ्यात किंवा खांद्यात सतत दुखत असताना ‘सरावाने मोकळे होईल’ असे सांगून खेळाडूला खेळवत ठेवणे, ही मैदानावर वारंवार दिसणारी गोष्ट आहे. स्नायू भरून येणे काही दिवसांत कमी होते. सांध्याला सूज येणे, रात्री झोपेतही दुखणे, हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखणे ही मात्र डॉक्टरांकडे पाठवण्याची लक्षणे आहेत. वाढीच्या वयातील मुलांबाबत याकडे अधिक लक्ष द्यावे.

शिक्षण आणि प्रशिक्षण

१. शारीरिक शिक्षणाची पदवी : कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर बी.पी.एड. आणि त्यानंतर एम.पी.एड. करता येते. हे दोन्ही अभ्यासक्रम प्रत्येकी २ वर्षांचे आहेत. ग्वाल्हेर येथील लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. मणिपूरमध्ये राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापन झाले असून त्याचा कायदा २०१८ चा आहे.

२. एनआयएस पदविका : पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये सुरू झाली. ती भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) अंतर्गत येते. क्रीडा प्रशिक्षणाची १ वर्षाची पदविका आणि ६ आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम हे तिचे परिचित अभ्यासक्रम आहेत. पदविकेसाठी शैक्षणिक पात्रतेबरोबर त्या खेळातील ठरावीक स्तरापर्यंतचा सहभाग पाहिला जातो. म्हणून खेळाडूंनी आपली स्पर्धा प्रमाणपत्रे पहिल्यापासून जपून ठेवावीत.

३. कौशल्य प्रशिक्षण : क्रीडा, शारीरिक शिक्षण, तंदुरुस्ती व विरंगुळा क्षेत्रासाठी स्वतंत्र क्षेत्र कौशल्य परिषद आहे. तिने ‘फिटनेस ट्रेनर’ व इतर कामांसाठी राष्ट्रीय मानके तयार केली आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अल्पकालीन प्रशिक्षण विनाशुल्क मिळते. जे आधीपासून व्यायामशाळेत काम करत आहेत, त्यांच्यासाठी ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ हा मार्ग आहे. त्यात असलेल्या कौशल्याचे मूल्यमापन करून प्रमाणपत्र दिले जाते. चालू तुकड्या व केंद्रांची माहिती स्किल इंडिया डिजिटल हब या संकेतस्थळावर पाहता येते.

कोणताही अभ्यासक्रम निवडला तरी प्रथमोपचार आणि सीपीआर यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण स्वतंत्रपणे घ्यावे.

शासकीय योजनांतील संधी

खेलो इंडिया केंद्रे

‘खेलो इंडिया’ ही केंद्र शासनाची योजना आहे. जिल्हा पातळीवरील खेलो इंडिया केंद्रांत निवृत्त नामवंत खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून नेमले जाते. त्यामुळे खेळ थांबल्यानंतर उत्पन्नाचे साधन नसलेल्या खेळाडूंना आपल्याच जिल्ह्यात काम मिळू शकते.

• प्रत्येक खेळासाठी मैदानाची सुधारणा, साहित्य व किट यांकरिता ५ लाख रुपयांचे एकवेळचे अनुदान.
• माजी खेळाडूचे मानधन, साहाय्यक कर्मचारी, साहित्य आणि स्पर्धांतील सहभाग यांकरिता प्रत्येक खेळामागे दरवर्षी ५ लाख रुपयांचे आवर्ती अनुदान, ४ वर्षांसाठी.
• निवडीत प्रथम प्राधान्य मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केलेल्या खेळाडूंना. त्यानंतर वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेतील किंवा खेलो इंडिया स्पर्धेतील पदक विजेते, अखिल भारतीय विद्यापीठ स्पर्धेतील पदक विजेते आणि राज्याचे प्रतिनिधित्व केलेले खेळाडू.
• प्रस्ताव राज्य शासनामार्फत जातो. पहिली चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी.

योजनेचा विस्तार २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी मंजूर झाला होता. अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेल्या मार्गदर्शक सूचना पाहाव्यात.

साईमधील कंत्राटी पदे

साईच्या राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रांत स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, मालिशकार अशी पदे कंत्राटी पद्धतीने भरली जातात. जाहिराती साईच्या अधिकृत संकेतस्थळावर येतात. कंत्राटाचा कालावधी, मानधन आणि नेमणुकीचे ठिकाण जाहिरातीत नीट वाचूनच अर्ज करावा.

फिट इंडिया आणि शालेय चाचण्या

फिट इंडिया मोहीम २९ ऑगस्ट २०१९ रोजी, राष्ट्रीय क्रीडा दिनी सुरू झाली. ५ ते १८, १८ ते ६५ आणि ६५ पेक्षा अधिक अशा तीन वयोगटांसाठी तंदुरुस्तीच्या मार्गदर्शक सूचना उपलब्ध आहेत.

शाळांतील खेलो इंडिया तंदुरुस्ती चाचणीत इयत्ता १ ली ते ३ रीसाठी बीएमआय, एका पायावर तोल सांभाळणे आणि हाताने तबकड्यांना आळीपाळीने स्पर्श करणे या चाचण्या आहेत. इयत्ता ४ थी ते १२ वीसाठी बीएमआय, ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे, पोटाचे व्यायाम आणि पुश-अप या चाचण्या आहेत. महागड्या उपकरणांशिवाय क्षमता कशी मोजावी, याचा हा चांगला नमुना आहे. मुलाची तुलना त्याच्या मागील नोंदीशी करावी. सर्वांसमोर वजन जाहीर करू नये.

स्वतःचा व्यवसाय

व्यायामशाळा सुरू करण्यासाठी प्रधानमंत्री मुद्रा योजनेत विनातारण कर्ज मिळू शकते. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत कर्ज दिले जाते. कर्जासाठी कोणत्याही दलालाची गरज नाही. थेट बँकेच्या शाखेत अर्ज करावा.

उत्तेजक द्रव्ये आणि प्रशिक्षकाची जबाबदारी

राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी अधिनियम, २०२२ नुसार राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेला (नाडा) कायदेशीर अधिकार मिळाले आहेत. हे नियम खेळाडूंप्रमाणेच प्रशिक्षक, ट्रेनर आणि डॉक्टर यांनाही लागू होतात. बंदी असलेले द्रव्य जवळ बाळगणे, विकणे, खेळाडूला देणे किंवा दडवण्यास मदत करणे यासाठी प्रशिक्षकावरही बंदी येते. अशा बंदी असलेल्या प्रशिक्षकाकडे सराव केल्यास खेळाडूही अडचणीत येतो.

• खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार असतो. ‘ट्रेनरने दिले, मला माहीत नव्हते’ एवढे उत्तर पुरत नाही.
• डब्यावरील यादीत नसलेले द्रव्यही सप्लिमेंटमध्ये भेसळ म्हणून असू शकते. आधी रोजचे जेवण सुधारावे. वरण, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून बहुतेक होतकरू खेळाडूंची प्रथिनांची गरज भागू शकते.
• कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो यांत वजन उतरवण्यासाठी लघवी वाढवणारी गोळी देऊ नये. या गोळ्या बंदी यादीत आहेत आणि उन्हाळ्यात त्या जिवावर बेतू शकतात.
• सलाइन हे थकवा घालवण्याचे साधन नाही. रुग्णालयातील उपचार वगळता १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव शिरेतून देण्यास बंदी आहे.
• सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतही बंदी असलेले घटक असतात. यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. औषध नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ अ‍ॅपवर तपासावे.

मैदानावरील आपत्कालीन प्रसंग

• उष्माघात : उन्हात सराव करताना खेळाडू असंबद्ध बोलू लागला, लडखडला किंवा बेशुद्ध पडला, तर आधी सावलीत नेऊन भरपूर थंड पाणी व बर्फाने अंग गार करावे. त्याच वेळी १०८ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. शुद्धीवर नसलेल्या व्यक्तीला पाणी पाजू नये. उन्हाळ्यात सरावाचा भार १ ते २ आठवड्यांत हळूहळू वाढवावा.
• डोक्याला मार : गोंधळ, उलटी, डोकेदुखी किंवा आठवण न राहणे यांपैकी काहीही दिसल्यास त्या दिवशी पुन्हा खेळवू नये. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर टप्प्याटप्प्याने सराव सुरू करावा.
• अचानक कोसळणे : प्रतिसाद व नियमित श्वास नसल्यास लगेच सीपीआर सुरू करावा. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा.

बालकांची सुरक्षितता

१८ वर्षांखालील मुलामुलींसोबत काम करताना मालिश, चाचणी किंवा बाहेरगावचा प्रवास एकट्याने न करता दुसऱ्या जबाबदार प्रौढाच्या उपस्थितीत करावा. लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे समजल्यास ‘पोक्सो’ अधिनियम, २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल म्हणून प्रकरण आपसांत मिटवता येत नाही. मदतीसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : मी राज्यस्तरीय खेळाडू आहे, पण पदवी नाही. मला काम मिळेल का?
उत्तर : खेलो इंडिया केंद्रातील निवडीत खेळातील कामगिरीला महत्त्व आहे. सोबत फिटनेस ट्रेनरचे कौशल्य प्रमाणपत्र घ्यावे. शाळेतील शिक्षकपदासाठी मात्र विहित पदवी लागते.

प्रश्न : मराठीतून प्रशिक्षण मिळते का?
उत्तर : केंद्रानुसार भाषा बदलते. नोंदणीपूर्वी शिकवण्याची आणि परीक्षेची भाषा, दोन्ही विचारून घ्यावे.

प्रश्न : पालक म्हणून प्रशिक्षकाला काय विचारावे?
उत्तर : प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आहे, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण झाले आहे का, दुखापत झाल्यास कोणत्या डॉक्टरांकडे नेता आणि मुलाला कोणते सप्लिमेंट देता का. या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा प्रशिक्षक निवडावा. मुलाच्या नोंदी पालकांना पाहता आल्या पाहिजेत.