वाळवंटातील सौरऊर्जा आणि शून्य कार्बन अर्थव्यवस्था : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

वाळवंट म्हणजे ओसाड व निरुपयोगी भूमी, ही समजूत जुनी आहे. औद्योगिक क्रांतीनंतर मात्र या भूमीवर पडणाऱ्या उन्हाकडे ऊर्जेचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत भारताने २०७० पर्यंत नक्त शून्य कार्बन उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. या उद्दिष्टाच्या पूर्ततेत राजस्थान व गुजरातमधील शुष्क प्रदेशांना विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे. ही कल्पना नवी वाटत असली तरी तिला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. या इतिहासात यंत्रे यशस्वी ठरूनही योजना वारंवार मागे पडल्या. त्यामागील कारणांचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभीचे प्रयोग :

फ्रान्समधील गणिताचे शिक्षक ऑग्युस्तँ मूशो यांनी १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सूर्याच्या उष्णतेवर चालणारे यंत्र मांडले व त्याच्या साहाय्याने बर्फही तयार करून दाखविला. फ्रेंच वसाहत असलेल्या अल्जीरियात त्यांनी आपल्या साधनांच्या चाचण्या घेतल्या होत्या. परंतु इंग्लंडचा कोळसा फ्रान्समध्ये स्वस्त दराने येत असल्यामुळे शासनाला या प्रयोगात लाभ दिसला नाही.

याच सुमारास मुंबईतही असा एक प्रयोग झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाचे उपनिबंधक विल्यम ॲडम्स यांनी कुलाब्यात सपाट आरशांची रांग अर्धवर्तुळात मांडून सूर्यकिरण एका बाष्पकावर एकवटले आणि अडीच अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र चालविले. १८७८ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला. मुंबई हा काही वाळवंटी प्रदेश नव्हे. परंतु उष्ण कटिबंधातील देशांनी महागड्या इंधनावर विसंबून न राहता उन्हाचा उपयोग करावा, हा त्यांचा विचार पुढील प्रयत्नांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

वाळवंटी देशातील उल्लेखनीय प्रयोग अमेरिकन संशोधक फ्रँक शुमन यांनी इजिप्तमध्ये केला. कैरोजवळील मादी येथे १९१३ मध्ये त्यांचे केंद्र कार्यान्वित झाले. पन्हळीसारख्या वक्र आरशांच्या सुमारे ६२ मीटर लांबीच्या पाच रांगा पाणी तापवीत. त्या वाफेवर चालणारा पंप नाईलचे पाणी शेतीसाठी उपसत असे. इजिप्तमध्ये कोळसा आयात करावा लागत असल्याने हा पर्याय व्यवहार्य दिसत होता. सहारातील सुमारे २० हजार चौरस मैल क्षेत्रावर अशी यंत्रे उभारल्यास २७ कोटी अश्वशक्ती मिळेल, असा शुमन यांचा हिशेब होता. मात्र १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१८ मध्ये शुमन यांचे निधन झाले. १९१४ मध्येच ब्रिटिश शासनाने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत बहुसंख्य भागभांडवल घेतले होते. साम्राज्याने आपले भवितव्य तेलाशी जोडले आणि मादीचा प्रयोग विस्मृतीत गेला.

तेलसंकट ते डेझर्टेक :

१९७३ च्या तेलसंकटानंतर सौरऊर्जेचा विचार पुन्हा पुढे आला. अमेरिकेतील मोहावी वाळवंटात लूझ या कंपनीने १९८४ ते १९९० या काळात नऊ संच उभारले. त्यांची एकूण क्षमता ३५४ मेगावॅट होती आणि तत्त्व मादीचेच होते. परंतु नैसर्गिक वायूचे दर घसरले, करसवलतींची शाश्वती राहिली नाही आणि १९९१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. संच मात्र पुढे अनेक वर्षे वीज देत राहिले. यंत्र टिकले, धोरण टिकले नाही, असेच याविषयी म्हणावे लागेल.

१९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेरहार्ड क्नीस यांनी असा हिशेब मांडला की, मानवजात वर्षभरात वापरते त्याहून अधिक ऊर्जा जगातील वाळवंटांना सहा तासांत मिळते. या विचारातून २००९ मध्ये डेझर्टेक ही योजना आकारास आली. २०५० पर्यंत युरोपच्या विजेच्या मागणीपैकी सुमारे १५ टक्के वाटा उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातून पुरवावा व त्यासाठी सुमारे ४०० अब्ज युरो गुंतवावेत, अशी कल्पना होती. परंतु २०११ नंतरची राजकीय अस्थिरता, युरोपातच स्वस्त होत गेलेल्या सौर पट्ट्या आणि पारेषणाचा खर्च यांमुळे भागीदार कंपन्या एकामागून एक बाहेर पडल्या. शिवाय, ऊन आफ्रिकेचे आणि उजेड युरोपचा, ही वसाहतकालीन व्यवस्थेची पुनरावृत्ती नव्हे काय, असा प्रश्नही उपस्थित झाला. याउलट मोरोक्कोने वारझाझात येथील नूर प्रकल्प प्रामुख्याने स्वतःच्या गरजेसाठी उभारला. त्याचा १६० मेगावॅटचा पहिला टप्पा २०१६ मध्ये सुरू झाला. सूर्यास्तानंतर सुमारे तीन तास वीज देता यावी, यासाठी तेथे उष्णता साठविण्याची सोय करण्यात आली.

थरच्या वाळवंटातील अनुभव :

भारतात राष्ट्रीय सौर अभियानाचा आरंभ जानेवारी २०१० मध्ये झाला. त्या वर्षाअखेरच्या बोलीत सौर विजेचा नीचांकी दर प्रतियुनिट १० रुपये ९५ पैसे होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील बोलीत तो २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. मूशो, शुमन आणि लूझ यांना ज्या स्वस्त इंधनाने हरविले, त्याच्याशी दराच्या बाबतीत बरोबरी करणे सौर विजेला अखेर शक्य झाले. रात्रीच्या विजेसाठी साठवणुकीचा खर्च मात्र वेगळा धरावा लागतो. सुमारे १४ हजार एकरांवरील भडला सौर उद्यानाची क्षमता २,२४५ मेगावॅट आहे.

दराचा प्रश्न असा सुटत असताना भूमीचा प्रश्न पुढे आला. महसुली दप्तरात पडीक म्हणून नोंदलेली जमीन प्रत्यक्षात अनेकदा गोचर असते किंवा देवाच्या नावाने राखलेले ओरण असते. मारवाडातील पशुपालकांची उंट, शेळ्या-मेंढ्या आणि खेजडीची झाडे याच भूमीवर जगतात. जोधपूरजवळच्या खेजडली येथे १७३० मध्ये खेजडीच्या रक्षणासाठी बिश्नोई समाजातील ३६३ जणांनी प्राण दिल्याची परंपरा सांगितली जाते. सोलापूरजवळील नान्नजच्या अभयारण्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या माळढोक पक्ष्याचे प्रमुख आश्रयस्थानही आता थरच आहे. या पक्ष्याला उच्चदाब वाहिन्यांचा धोका असल्याने सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातील वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने या सरसकट आदेशात बदल करून तज्ज्ञ समिती नेमली. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्कही न्यायालयाने मान्य केला. दोन्ही बाजूंना निसर्गरक्षणाचाच दावा असावा, हे या प्रश्नाचे वेगळेपण होय.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. वाळवंटातील सौरऊर्जेच्या पीछेहाटीचे मुख्य कारण तंत्राचे अपयश नसून स्वस्त खनिज इंधन आणि धोरणातील अस्थिरता हे होते.

२. विजेवर अधिकार कोणाचा, हे स्पष्ट नसलेली योजना भव्य असली तरी टिकत नाही. डेझर्टेक व नूर यांच्या तुलनेतून हे दिसते.

३. वाळवंट रिकामे आहे हे गृहीतक शुमन यांच्या हिशेबात होते आणि ते आजच्या महसुली नोंदींतही आहे. प्रकल्पाची जागा ठरविण्यापूर्वी ओरण व गोचर यांची नोंद करणे आणि ग्रामसभेचे मत घेणे आवश्यक आहे.

कार्बनचा हिशेब शून्यावर आणताना ज्यांनी मुळात फारसा कार्बन सोडलाच नाही, त्या पशुपालकांच्या वाट्याला शून्य येऊ नये. ही दक्षता घेतली तरच या दीर्घ प्रयत्नाला अर्थव्यवस्थेइतकेच न्यायाचेही अधिष्ठान लाभेल.