पुन्हा मतदाराच्या दारी

नोव्हेंबर २०२४ मधील विधानसभेच्या निवडणुकीत माझी नेमणूक मतदान केंद्राध्यक्ष म्हणून झाली होती. शाळामास्तराला हे काम सहसा चुकत नाही. आदल्या दिवशी यंत्रे ताब्यात घ्यावयाची, गावच्या शाळेत सतरंजीवर रात्र काढावयाची, पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेऊन ते पुसून दाखवावयाचे आणि सायंकाळी नोंदवहीतील आकडा व यंत्रातील आकडा जुळवून हिशेबाची प्रत त्यांच्या हाती ठेवावयाची. दोहोंत एका मताचा फरक पडला तरी घशाला कोरड पडते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक आजी आल्या. बोटाला शाई लावून घेता घेता माझ्याकडे वळून म्हणाल्या, “गुरुजी, मागल्या टायमाला दिलेलं मत कुठं गेलं म्हणायचं?” केंद्राध्यक्षाने अशा प्रश्नाला उत्तर द्यावयाचे नसते. मी म्हटले, “आजी, पुढं चला, लोक खोळंबलेत.” खरे म्हणजे मागे कोणीच खोळंबले नव्हते.

ते उत्तर माझ्याकडे उधार राहिले आहे. द्यावयाचे तर प्रथम १९४८ साली नाशिकला जावे लागते.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये समाजवाद्यांचे अधिवेशन नाशिकला भरले आणि काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय तेथे झाला. आचार्य नरेंद्र देव तेव्हा संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या, विधानसभेचे सभासद होते. १९४६ साली ते काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते. कायदा त्यांना काहीच विचारत नव्हता. समोरच्या बाकांवर जाऊन बसले असते तर कोणी बोट दाखविले नसते. उलट सभागृहाला एक विद्वान विरोधी नेता मिळाला असता. परंतु ज्या पक्षाच्या नावावर मते मागितली तो पक्ष सोडला, तेव्हा त्या मतांवर आपला हक्क उरला नाही, असे त्यांनी मानले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि पुन्हा मते मागितली. गंमत अशी की, तेव्हा सर्वांना मताचा अधिकारही नव्हता. शिक्षण, मालमत्ता असल्या अटींतून गाळून उरलेले थोडे लोक मत देत. तेवढ्यांच्याही दाराशी जाणे त्यांना आवश्यक वाटले.

फैजाबादला काँग्रेसने त्यांच्यासमोर बाबा राघवदासांना उभे केले. हे बाबा मूळचे पुण्याचे, आयुष्य मात्र पूर्व उत्तर प्रदेशात गांधीजींच्या कामात घालविलेले. आचार्य नास्तिक आहेत, हा मुद्दा प्रचारात यथेच्छ वापरला गेला. अयोध्या त्याच भागात. आचार्य पडले. त्यांचे बहुतेक सहकारीही पडले. व्यवहारी माणूस याला वेडेपणा म्हणेल. मी त्याला हिशेब म्हणतो, कारण त्यात तोटा सोसण्याची तयारी होती.

यानंतर एकोणीस वर्षांनी हरियाणात जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे; निदान त्यातून निघालेला शब्द तरी ठाऊक आहे. राज्य नवे, १ नोव्हेंबर १९६६ चे. १९६७ च्या निवडणुकीत ८१ पैकी ४८ जागा काँग्रेसला मिळाल्या आणि भगवत दयाळ शर्मा मुख्यमंत्री झाले. पंधरवडाभरात त्यांचेच लोक फुटले आणि राव बिरेंदर सिंग त्या खुर्चीत बसले. हसनपूरचे आमदार गया लाल यांनी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला, आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द देशाच्या पदरात पडला. नोव्हेंबरात राष्ट्रपती राजवट आली, विधानसभा बरखास्त झाली. बिचाऱ्या गया लालांचे नाव कायमचे बदनाम झाले. त्यांना इकडून तिकडे नेणारांची नावे मात्र फारशी कोणाला आठवत नाहीत.

लोकसभेने या रोगावर समिती नेमली. अध्यक्ष होते गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. १९६९ सालच्या त्यांच्या अहवालातील आकडे मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असावेत असे वाटते. मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या बारा महिन्यांत देशात ४३८ पक्षांतरे झाली. राज्यांतील सुमारे २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जण मंत्री झाले. निम्म्याहून अधिक! म्हणजे दुखणे मतभेदाचे नव्हते, मंत्रिपदाचे होते. समितीने उपायही नेमका सुचविला: पक्ष सोडणाऱ्याला एक वर्षपर्यंत, किंवा तो राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये. नरेंद्र देवांनी स्वखुशीने केले तेच आता नियमाने करावे, एवढाच त्याचा अर्थ.

नियम झाला नाही. १९७३ व १९७८ ची विधेयके मार्गी लागली नाहीत. त्याच १९७८ च्या जुलैत, यशवंतरावांच्याच महाराष्ट्रात, वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळातील शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले आणि ज्या जनता पक्षाविरुद्ध मते मागितली होती त्याच्या साथीने मुख्यमंत्री झाले.

अखेर १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती झाली. तिने एकट्यादुकट्याला अडविले, पण एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट, दोन तृतीयांशांनी मान्य केले तर विलीनीकरण, अशी दोन दारे उघडी ठेवली. किरकोळ विक्रीला बंदी आणि घाऊक विक्रीला परवाना, असे लोक तेव्हाच म्हणू लागले. शिवाय निवाडा सोपविला अध्यक्षांवर, म्हणजे सभागृहाच्याच बहुमताने खुर्चीत बसलेल्या माणसावर. पहिले दार २००३ च्या दुरुस्तीने बंद झाले. दुसरे उघडेच आहे.

आता आजींच्या मताकडे येऊ. ‘मागला टाइम’ म्हणजे २०१९. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. भाजप व सेना यांनी एकत्र मते मागितली होती. निकालानंतर सेना वेगळी झाली. २३ नोव्हेंबरला भल्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि लोक चहा घेत असताना शपथविधी उरकला. सर्वोच्च न्यायालयाने उघड मतदानाने बहुमत सिद्ध करण्यास सांगताच ते सरकार गेले. पुढे सेना व दोन्ही काँग्रेस यांचे सरकार आले. जून २०२२ मध्ये सेनेतील आमदार सुरतेमार्गे गुवाहाटीस गेले. ३० जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीचा एक गट त्याच सरकारात दाखल झाला. आजींनी कोणाला मत दिले होते मला ठाऊक नाही. या चार पक्षांपैकी कोणालाही दिले असते तरी पाच वर्षांत ते तिच्या कल्पनेतही नसलेल्या पंगतीला जाऊन बसले होते.

न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले की, २०२२ साली राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलाविणे समर्थनीय नव्हते. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीपूर्वीच राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत द्यावा. तो १० जानेवारी २०२४ रोजी आला, दीड वर्षाने. कोणीच अपात्र ठरले नाही. वर्गात एखाद्या पोराने उत्तरपत्रिका दीड वर्षाने दिली तर मी काय करीन, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. पण मनात येतो खरा.

राजीनामा हे रामबाण औषध आहे असे मात्र नाही. कर्नाटकात २०१९ साली आमदारांनी राजीनामे देऊनच सरकार पाडले. पुढे पंधरा जागांच्या पोटनिवडणुकीत भाजपने बारा जिंकल्या आणि फुटलेल्यांपैकी अनेक जण मंत्री झाले. राजीनामा तेथे हत्यार झाला. तरीही तेथील मतदाराला एकदा विचारले गेले, आणि त्याने होय म्हटले. ते मला पटो न पटो, तो त्याचा अधिकार होता. आमच्याकडे प्रश्नच विचारला गेला नाही. थेट पुढची निवडणूक आली.

पोटनिवडणुकीत खर्च फार, असा आक्षेप घेतात. खर्च होतो. त्या यंत्रांसकट पुन्हा सतरंजीवर रात्र मलाच काढावी लागेल, हेही मला कळते. मी ती काढीन.

त्या दिवशी सायंकाळी आमच्या केंद्राचा हिशेब बरोबर जुळला. आजी तेव्हा केव्हाच घरी गेल्या होत्या. जाताना त्यांनी ते बोट लुगड्याला लागू नये म्हणून अंगापासून दूर, ताठ धरले होते.